काळ्या इंजनची खाज

१

सोमवारी सकाळी गुन्हा उघडकीला आला. इंजनच्या पाठीवर, शेपटीच्या किंचित अलीकडे, रुपयाएवढी कातडी पुन्हा सोलून निघाली होती.

इंजन म्हणजे कुत्रा. वाफेच्या इंजिनासारखा नाकापासून शेपटीपर्यंत काळा, पांढरा केस औषधालाही नाही, म्हणून हे नाव. रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? अंग चावू नये म्हणून त्याच्या गळ्यात बूड कापलेली निळी बादली अडकवली होती. तोंड पाठीपर्यंत पोचेना, तेव्हा पठ्ठ्यानं पाठच गच्चीच्या भिंतीवर नेऊन घासली होती. जखमेत चुना होता.

नरहरी घाटोळ्यांनी ही जखम पलंगावरून पाहिली. पलंग सोडून कुठं जाण्याची त्यांना सोयच नव्हती. दिवाळीचा आकाशकंदील उतरवताना स्टुलानं दगा दिला आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्या घरात दोन कैदी होते. एकाला खाजवायची बंदी होती. दुसऱ्याला प्लास्टरच्या आत, पोटरीच्या बरोबर मागं अशी खाज सुटे की कुलदैवत आठवे, आणि तिथवर पोचायला बायकोची विणायची सुईसुद्धा जराशी कमी पडे. कुत्र्याचं दुःख एवढं आतून समजणारा माणूस अख्ख्या कॉलोनीत नव्हता.

"बाबा, आता बस," शिशिर म्हणाला. शिशिर हा मुलगा, सिंचन खात्यात नोकरीला. "रात्रभर गच्चीवर बादली आपटून राहिला. कोणी झोपलं नाही. शुक्रवारी भनपुरीचा भैय्यालाल टेम्पो पाठवणार आहे. त्याच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात राहील इंजन. मोकळी जागा आहे."

"गोदामात? ट्रकांच्या खाली?"

"मग तुम्ही सांगा ना खाज कशाची आहे ते! डॉक्टर थकली."

नरहरींनी इंजनकडे पाहिलं. इंजननं बादलीच्या तळातून त्यांच्याकडे पाहिलं. नरहरी रेल्वेत क्लेम इन्स्पेक्टर होते. कुठल्या स्टेशनावर कोणत्या बोरीला, म्हणजे पोत्याला, कोणी भोक पाडलं हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या हयातीतलं एक कुत्रं तेवढं त्यांच्या हुकमात उरलं होतं, आणि तेही शुक्रवारपर्यंत.

"सांगतो," ते म्हणाले. "शुक्रवारच्या आत सांगतो."

आणि सांगायचं काय, याची त्यांना तिळमात्र कल्पना नव्हती.

२

तासाभरात जनावरांच्या डॉक्टर सोनिया तिर्की आल्या. बाई सरकारी दवाखान्यातल्या, कमी बोलणाऱ्या.

"पिसवा नाहीत, बाबूजी. गोचीड नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, खरजेचे किडे नाहीत. साबण बदलला, फिनाइल बंद केलं. मग खाण्यावर शंका घेतली. दसऱ्यापासून नुसता भात आणि उकडलेली मासळी, दुसरं काही नाही. तरी खाज आहेच. म्हणजे खाणं नाही."

"समजा खाणंच असतं, तर खाल्ल्या-खाल्ल्या खाजवलं असतं का?"

"नाही. दुसऱ्या दिवशी चढते, आणि चढली की मुक्काम करते."

डॉक्टर गेल्या. नरहरी छताकडे बघत पडले. दुसरं बघायला होतंच काय? पण या छताचा एक गुण होता. वरच इंजनची गच्ची होती, आणि बादली फरशीवर आपटली की खाली ठणठण ऐकू येई. इतके आठवडे ते ही ठणठण ऐकत होते. आज पहिल्यांदा ती त्यांनी जुन्या सवयीनं ऐकली, मालगाडीचे डबे मोजावेत तशी. आठवून पाहिलं, तर रविवारी, सोमवारी नुसता कहर. बुधवारपासून उतार. शुक्रवारी जवळजवळ शांत. आणि रविवारी पुन्हा पहिला पाढा.

फिनाइलला वार कळत नाही. परागकणांना कळत नाही. हवेला तर नाहीच नाही.

वार फक्त माणसाला कळतो.

३

जबान्या पलंगावरूनच घेतल्या गेल्या. साक्षीदारांना हजर करावं लागलं नाही. घरात सगळ्यांचाच जायचा-यायचा रस्ता या पलंगावरून होता.

पहिली साक्ष सुशीलाबाईंची, नरहरींच्या बायकोची. यांनी शाकाहारी स्वयंपाकघरात मासळी येऊ दिली नव्हती. कुत्र्यासाठी गच्चीवर वेगळी शेगडी मांडली होती आणि नाकाला पदर लावून त्या स्वतः मासळी उकडत.

"काय घालता त्याले?"

"अहो, भात न् मासळी. अजून काय घालू, पुरण?"

"खातो बरोबर?"

"खाते की. शनिवारी संध्याकाळी तेवढी मिजास करते. हुंगते न् तोंड फिरवते. त्यालेही एखाद्या वारी उपास करावासा वाटत असेल."

दुसरी सूनबाई, गंधाली. भोपाळची माहेरवाशीण, शाळेत शिकवणारी, मराठी बोलता बोलता हिंदीत जाऊन बसणारी.

"बाबा, मी तर त्याच्या पास पण जात नाही. केसांनी मला शिंका येतात. सच में, त्याला मोकळी जागा मिळाली तर त्याचंच भलं आहे."

तिसरा शिशिर. त्यानं प्रश्न पूर्ण ऐकलाच नाही. "मले ऑफिसले उशीर होऊन राहिला," म्हणत तो जो गेला, तो रिकाम्या डब्यासकट. डबा भरायचाच राहिला होता.

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. भोपाळपासून वेगळ्या झालेल्या नव्या राज्याला नुकतं वर्ष झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि भाऊ वेगळे होताना भांडी वाटतात तसे सरकारी नोकर भोपाळ आणि रायपूर यांच्यात वाटले जाऊ लागले. भांड्यांना कोणी विचारत नाही. ज्यांना भोपाळ पाहिजे ते रायपुरात अडकलेले, ज्यांना रायपूर पाहिजे त्यांच्या नावांची भोपाळकडे कुजबुज. शिशिर कुठं पडणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पक्की यादी उद्या लागणार होती. गेले सहा महिने ती उद्याच लागणार होती.

संध्याकाळी नरहरींनी इंजनला पलंगाजवळ बोलावलं आणि बादलीत हात घालून त्याचा गळा चोळला. हात बाहेर काढला तर बोटं तेलकट. त्यांनी वास घेतला. मासळीच्या वासाखाली दुसरा एक वास दबून बसला होता, नाकात झिणझिण्या आणणारा.

मोहरीचं तेल. आणि घाटोळ्यांच्या घरात स्वयंपाक होई तो फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात.

शिवाय तेल बादलीच्या आतल्या कडेला होतं. घरचं माणूस भात घालताना आधी बादली काढतं. बादली न काढता, घाईघाईनं, चोरासारखा हात आत घालून कोणी तरी याला तेलकट काही भरवलं होतं. डॉक्टरांचं पथ्य बोरीसारखं शाबूत दिसत होतं, पण शिवण कुठं तरी उसवलेली होती.

मोहरीच्या तेलात स्वयंपाक करणारा माणूस या घरात एकच. तो खाली राहत होता.

४

खालचे भाडेकरू शरच्चंद्र दुबे, नव्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. भोपाळहून आले त्या दिवशी त्यांनी सुटकेस खाटेखाली ठेवली होती. ती अजून उघडली नव्हती. उघडली तर इथंच राहावं लागेल, अशी त्यांना भीती होती.

"दुबेजी, आमच्या इंजनला तुम्ही काय खायला घालता?"

दुबेंनी दाराकडे पाहिलं. मग नरहरींच्या प्लास्टरकडे पाहिलं. हा माणूस उठून मारू शकणार नाही एवढी खात्री झाल्यावर ते स्टुलावर टेकले.

"बाबूजी, पाप हो गया. शनीची साडेसाती चालू आहे. पुरानी बस्तीतल्या एका पंडितजींनी उपाय सांगितला. शनिवारी काळ्या कुत्र्याला गव्हाची रोटी, ऊपर सरसों का तेल. पूरा काला चाहिए, एक बाल सफेद नहीं. पूरी कॉलोनी घूम आया. सगळे भुरे, नाहीतर चितकबरे. बस एक आपका इंजन."

नरहरींचा जीव भांड्यात पडला. भाकरी खाणाऱ्या घरातला कुत्रा. गव्हाची पोळी आणि मोहरीचं तेल दोन्ही त्याच्या पोटाला परकी. शनिवारी रोटी, रविवारी खाज. सरळ हिशेब.

"म्हणजे परवाच्या शनिवारीही दिलीत."

"परवा?" दुबे चकित झाले. "परवा तर मी भोपाळला होतो, बाबूजी. बिटिया का जन्मदिन था. आज सकाळी उतरलो. आप ही के सामने तो रिक्शा से उतरा!"

खरं होतं. खिडकीतून नरहरींनीच हात केला होता.

दुबे भोपाळमध्ये, आणि बादलीत ताजं तेल.

५

मंगळवार गेला, बुधवार गेला. वर ठणठण कमी होत गेली आणि खाली नरहरींची तगमग वाढत गेली. गच्चीचा जिना बाहेरून. कोण चढतं, कोण उतरतं, पलंगावरून दिसत नसे. विचारलं तर जो तो म्हणे, मी नाही. प्लास्टरच्या आतली खाज पोटरीवरून गुडघ्यामागं सरकली होती. तिथं तर सुईसुद्धा जाईना.

शुक्रवारी सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. भनपुरीचा भैय्यालाल स्वतः वर आला. गळ्यात गमछा, हातात कोरी करकरीत साखळी.

"राम राम, बाबूजी. ले जाऊँ साहब को?"

इंजन पलंगाखाली शिरला. बादली अडकली, निम्मा आत, निम्मा बाहेर राहिला. नरहरींनी डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडे सांगायला काहीही नव्हतं.

आणि तेव्हा एक नवल घडलं.

"आज नको," शिशिर म्हणाला. "आज मले सुट्टी नाही. रविवारी घेऊन जा."

"शुक्रवारी घरातलं जनावर बाहेर काढत नाहीत," सुशीलाबाई म्हणाल्या. असा नेम त्यांच्या माहेरी-सासरी कधी कोणी ऐकला नव्हता. "रविवारी न्या."

"उद्याची मासळी आणून ठेवली आहे," शिंकांची गंधाली म्हणाली. "ती खाऊन जाऊ दे बेचाऱ्याला. रविवारी ठीक आहे."

खालून दुबेंचा आवाज आला, "अरे भैया, दो दिन और रहने दो!"

भैय्यालाल जरा हिरमुसला. "इतवार तो... चलो, इतवार ही सही. पण पक्का." आणि साखळी तिथंच ठेवून गेला.

नरहरींनी डोळे उघडले. आठवडाभर जे लोक त्या कुत्र्याला घालवायला निघाले होते, त्या सगळ्यांना आज तो अचानक हवासा झाला होता. कायमचा नव्हे. फक्त एक वार उलटेपर्यंत.

"गंधाली," ते हळूच म्हणाले, "ती साखळी इकडे दे."

६

शनिवारी सकाळी इंजन पलंगाच्या पायाला बांधलेला होता आणि साखळीचं टोक नरहरींच्या मुठीत होतं.

"आज हा इथंच राहील. माह्याजवळ. शेवटचा दिवस आहे," त्यांनी जाहीर केलं.

पहिल्यांदा दुबे आले. त्यांना कुत्र्याला मोकळ्या हवेत फिरवायचं होतं. एक हात पाठीमागं.

"बसा, दुबेजी. हवा इथंही आहे."

मग सुशीलाबाई. त्यांना त्याला ओवाळायचं होतं. पदराखाली काही तरी फुगलेलं.

"ओवाळा की. इथंच ओवाळा. बसा."

शिशिर ऑफिसातून अर्ध्या दिवसात परतला. डोकं दुखतं म्हणाला, आणि इंजनला जरा गच्चीवर नेतो म्हणाला. सकाळी नेलेला डबा अजून काखेत होता.

"डोकं दुखते तं बस. हव, तिथंच."

सगळ्यात शेवटी गंधाली आली. खोलीत एवढी माणसं बघून दारातच थबकली. "मी... झाडू घ्यायला आले होते."

"झाडू पर्समध्ये ठेवतेस काय, बेटा? ये. दार लोटून घे."

दार लोटलं गेलं. इतके आठवडे एकटे नरहरी या खोलीत कोंडलेले होते. आज चार जण जास्त. इंजन एकेकाच्या हाताकडे, पदराकडे, डब्याकडे बघत शेपटी हलवत होता, आणि शेपटीचा पलंगाच्या पायावर ढोल वाजत होता. साक्ष एवढी स्वच्छ असते तेव्हा इन्स्पेक्टरनं फार बोलू नये. तरी ते बोलले, कारण आठवडाभर तुंबलेले होते.

"खाज शनिवारनंतर चढते. शनिवारी संध्याकाळी हा मासळी खात नाही, कारण पोट भरलेलं असते. दुबेजी नव्हते तरी तेल होतं, म्हणजे देणारे हात अजून आहेत. आणि काल पाहा, ज्याला-त्याला हा नकोसा, पण शनिवार झाल्याबिगर कोणी सोडायला तयार नाही. काढा बाहेर."

चार रोट्या पलंगावर आल्या. रुमालातून, पदराखालून, डब्यातून, पर्समधून. चारही तेलानं चमकत होत्या. पंडितजी एकच, आणि कुत्राही एकच.

"तुमचं ठाऊक आहे, दुबेजी. भोपाळ. सुशीला, तुमचं?"

"शिशिरचं नाव रायपुरात राहावं म्हणून," त्या पुटपुटल्या. "या वयात आम्ही दोघंच कसं राह्याचं?"

"सूनबाई?"

गंधालीनं मान वर केली नाही. "भोपाळला जावं म्हणून. आई-पापा एकटे आहेत तिकडे."

मग सगळ्यांनी शिशिरकडे पाहिलं. तो लाल झाला.

"यादी लागूच नये म्हणून," तो म्हणाला.

नरहरींनी त्या चार रोट्यांकडे पाहिलं. "एका कुत्र्याकडे एवढे अर्ज. एक म्हणते राहू दे, एक म्हणते जाऊ दे, तिसरा म्हणतो ठरूच नको. शनिदेवानं मंजूर तरी काय करायचं? त्यानं तेवढी खाज मंजूर केली."

सुशीलाबाई सुनेकडे वळल्या. "तुले जायचं होतं, मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कधी, आई?"

"आणि तू रे पोट्ट्या?"

"मी कोणाले सांगू?" शिशिर म्हणाला. "तुले सांगितलं तं ही रडते, हिले सांगितलं तं तू. इंजनले तेवढं सांगू शकत होतो."

दुबे हळूच उठले. त्यांना घरगुती मामला समजला होता. पण दारापाशी ते थांबले. "पर बाबूजी, यहाँ तो खतरा ही है. भनपुरी भेज दो. वहाँ इसको कौन रोटी देगा?"

शिशिरनं बापाकडे पाहिलं. "बरोबर आहे, बाबा. इथं कोणाचा भरोसा? माहाच नाही. इंजनसाठीच म्हणतो. उद्या जाऊ द्या त्याले."

नरहरींच्या मुठीतली साखळी गार पडली. खटला त्यांनी जिंकला होता आणि त्याच निकालावर कुत्रा चालला होता.

७

रविवारी टेम्पो वेळेच्या आधी आला. नरहरी रात्रभर छताकडे बघत पडले होते, आणि पहाटे त्यांना शुक्रवारची एक गोष्ट आठवली होती. रविवार म्हटल्यावर आणखी एक माणूस हिरमुसला होता.

"भैय्यालाल, गोदामाले राखण नाही काय?"

"है ना, बाबूजी. दो कुत्ते हैं, एकदम शेर."

"मग तिसरा कायले पाहिजे?"

"ऐसे ही. शौक."

"रंग कोणता त्यांचा?"

भैय्यालालनं गमछा चाचपला. "एक भूरा. एक... चितकबरा."

"आणि तुह्या गाड्या सध्या कुठं आहेत?"

आता भैय्यालालच स्टुलावर बसला. नवं राज्य, नवी सीमा, नवा नाका, नवे कागद. त्याचे ट्रक नाक्यावर अडकून पडले होते. "सब ड्राइवर परेशान हैं, बाबूजी. पंडितजी म्हणाले, काळा कुत्रा पाळून टाक. मग प्रत्येक ड्रायव्हर शनिवारी आपापली रोटी..."

तो थांबला. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं भनपुरीच्या गोदामाबाहेरची ट्रकांची रांग उभी राहिली होती. प्रत्येक ट्रकातून एक हात, प्रत्येक हातात एक तेलकट रोटी.

शिशिर उठला. त्यानं बापाच्या मुठीतून साखळी घेतली. नरहरींनी ती घट्ट धरली होती, पण मुलाच्या हाताला जोर होता. मग त्यानं ती इंजनच्या गळ्यातून सोडवली, गुंडाळली आणि भैय्यालालच्या हातात दिली.

"कुत्रा नाही मिळणार, भैया. आम्ही घरातली माणसं पाळतीवर राहू. एकमेकांच्या."

८

आणि राहिलेही. मकर संक्रांतीला नरहरींचं प्लास्टर कापलं गेलं. तोवर इंजनची बादली गेली होती आणि पाठीवर काळी मखमल उगवली होती. यादी अर्थात उद्या लागणार होती. पण आता सासू-सून तिच्याबद्दल मोठ्यानं भांडत, आणि शिशिर मध्ये बसून दोन्हीकडून बोलणी खाई. जेवण मात्र त्याला पचू लागलं होतं.

डॉक्टर तिर्कींनी कुत्र्याला उलटसुलट तपासलं.

"छान. आता शेवटची परीक्षा. पथ्यानं बरा झाला एवढंच कळलं. दोष गव्हाचा, तेलाचा की आणखी कशाचा, हे सिद्ध व्हायला हवं. एक तुकडा पोळी द्यायची. खाज परत आली तर गहू पक्का." त्यांनी ताटलीतला तुकडा पुढं केला. "कोण देतंय?"

शिशिरनं खिडकी उघडली, जी उघडीच होती. सुशीलाबाईंना दूध उतू जाताना ऐकू आलं. गंधालीला शिंक आली. खालून दुबे तिळगूळ द्यायला आले होते, ते पायरीवरूनच परतले.

मग डॉक्टरांनी तो तुकडा नरहरींकडे दिला. नरहरींनी उभ्या नोकरीत पुराव्याशिवाय एकही प्रकरण मिटवलं नव्हतं. त्यांनी तुकडा हातात घेतला आणि इंजनकडे पाहिलं. तो दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात उताणा पडला होता. चारही पाय वर, पाठ फरशीला टेकलेली, आणि पाठ जागची हलत नव्हती.

"राहू द्या, डॉक्टरीणबाई," नरहरी म्हणाले. "संशयावरच ठेवा."

आणि तो तुकडा त्यांनी स्वतःच खाऊन टाकला.